डब्यांच्या कारखान्याचा हट्टी मेन ब्रेकर

मित्रांनो, मला जुना म्हणा, हट्टी म्हणा; पण बिघडलेला म्हणू नका. पत्र्याचे डबे करणाऱ्या एका कारखान्याचा मी मेन ब्रेकर. इथली सगळी वीज माझ्यातून जाते. ती झेपेनाशी झाली की मी पडतो आणि कारखाना थांबतो. तेच माझं काम.

मी आलो तेव्हा इथे तीनच प्रेस होत्या. वायरमन मला फडक्याने पुसायचा, "आपला पहारेकरी" म्हणायचा. मग धंदा वाढला. रंगाची भट्टी आली, कॉम्प्रेसर आला, आणखी प्रेस आल्या. जो तो जवळच्या बोर्डावरून वायर ओढून मोकळा! माझ्या मागची केबल मात्र तीच, तीन प्रेसच्या वेळची. बिचारी तापायची, आणि तिच्यासाठी मी...

खट्.

"पडला लेकाचा पुन्हा!" फोरमन ओरडायचा. मग माझ्या तोंडावरची चकती जरा पुढे सरकवायचा, म्हणजे मी जास्त सोसावं. पुन्हा पडलो की पुन्हा सरकवायचा. चकती शेवटाला टेकली. मी सोसलं असतं हो. पण केबलला कोणी विचारलं? झाकणं भरणाऱ्या बायका बसतात त्या माळ्याखालून ती जाते. ती पेटली तर...

खट्.

"मोठा ब्रेकर आणा," मालक म्हणाले. "हा म्हातारा जाऊ दे भंगारात."

मालकांची मुलगी विजेचं शिकून आली होती. ती म्हणाली, "बाबा, आधी लोड मोजू या."

"दर वेळी मोजतो की," फोरमन म्हणाला. "जेवणाच्या सुट्टीत. निम्मासुद्धा नसतो!"

"काका, सुट्टीत मशिनं बंद असतात ना?"

"मग? चालू पॅनल उघडायचं नाही, ताई. जीव वर आलाय का कोणाचा?"

"तेही खरंच." तिने सुट्टीतच पॅनल उघडलं, मीटर आत जोडला आणि तो तिथेच ठेवून दार लावून घेतलं.

भोंगा झाला. भट्टी, कॉम्प्रेसर, सगळ्या प्रेस एकदम सुरू. मीटर आकडे टिपत राहिला. केबल पोळू लागली. समोरच्या खोक्यात कोरा करकरीत मोठा ब्रेकर माझ्या जागेवर डोळा ठेवून बसला होता. आज मुकाट्याने सोसलं तर कदाचित वाचेन, असं क्षणभर मनात आलं. छे!

खट्.

तिने वडिलांना आकडे दाखवले, मग पॅनलमागे नेऊन केबल दाखवली. वरचं आवरण मेणासारखं मऊ झालं होतं.

मालक माळ्याकडे बघत राहिले. "मोठा ब्रेकर बसवला असता तर?"

"तो पडलाच नसता, बाबा."

"खोका परत पाठवा," मालक फोरमनला म्हणाले. "नवी केबल येईपर्यंत भट्टी बंद. आणि ती चकती मागे घ्या."

"साहेब, ऑर्डर अडकेल!"

"अडकू दे."

मित्रांनो, आता भट्टीला तिची वेगळी केबल आहे. तुमच्या घरच्या भिंतीवरही माझं एखादं धाकटं भावंड असेल. ते पडलं तर त्याच्यावर डाफरू नका, दामटून उभं करू नका. काय तापतंय ते मोठ्यांना बघायला सांगा. आणि इथल्यांनाही बजावून ठेवतो: उद्या कोणी गुपचूप आणखी एक मशीन जोडलं, तर मला कुरवाळा, शिव्या द्या, खोकी आणून धाक दाखवा. मी कारखाना बंद पाडणार म्हणजे पाडणार!