भलत्याच नंबरचा फोन

मित्रांनो, मी एक जुना टेलिफोन आहे, दवाखान्याच्या काउंटरवरचा. एके काळी मी पांढरा होतो. आता चहाच्या जुन्या गाळणीसारखा तपकिरी झालोय. कारखान्यात मला तपासणाऱ्या बाईंनी रिसीव्हर कानाला लावून "आवाज अगदी स्वच्छ आहे" म्हटलं होतं. त्या एका वाक्यावर मी कितीतरी वर्षं फुशारकी मारली.

माझा नंबर आसपासच्या लोकांना तोंडपाठ होता. लेकराला ताप आला, आजोबा घसरून पडले, की आधी मी खणखणायचो. काउंटरवरच्या ताई म्हणायच्या, "या लगेच," आणि लोक यायचे. इतकं सोपं होतं.

मग साथ आली. दाराला आतून कडी लागली आणि काचेवर कागद चिकटला: आधी फोन करा, डॉक्टर उलट फोन करतील. सकाळपासून मी असा वाजायचो की माझेच कान किटले. लाइन लागली नाही म्हणून चिडलेली माणसं लाइन लागल्यावर ताईंवर ओरडायची. ताईंनी तरी किती झेलायचं? उलट फोन करायला डॉक्टरांनी नवा मोबाइल घेतला, म्हणजे मी मोकळा राहीन. विचार शहाणपणाचा होता. फक्त तो नंबर लोकांना सांगायला हवा, हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही.

पलीकडच्या गल्लीतले टेलरकाका रोज फोन करायचे. काकूंना शुगर होती आणि पायाच्या बोटाला झालेली जखम काही केल्या भरत नव्हती. काका कापड बेततात, काकू पायमशीन चालवतात. काकूंचा पाय गेला असता तर दुकानही गेलं असतं.

"दुपारी डॉक्टर फोन करतील हं," ताई सांगायच्या. दुपारी आतून डॉक्टरांचा आवाज यायचा, "टेलरकाका उचलत नाहीत. पुढचे कोण?"

दुसऱ्या दिवशी काका तापलेले. "अहो, फोन मांडीवर घेऊन बसलो होतो! जेवलोसुद्धा नाही!"

"काका, डॉक्टरांनी केला होता. तुम्हीच उचलला नाहीत."

"मग काय मी खोटं बोलतोय?"

तेवढ्यात दारावर कुणी थाप मारली म्हणून ताई रिसीव्हर टेबलावर ठेवून उठल्या. तिकडे काका काकूंना म्हणाले, "तो भलताच नंबर काल पुन्हा आला होता. लगेच कापला मी. दवाखान्याचा फोन यायचा आणि आपली लाइन अडकलेली, असं नको."

हे फक्त मी ऐकलं. मला तळपाय असते तर आग मस्तकात गेली असती. अहो काका, तोच तर दवाखाना! सगळ्यांचं बोलणं मी पोचवतो, पण माझं स्वतःचं एक वाक्य मला बोलता येत नाही. ताईंनी रिसीव्हर उचलला, "आज परत सांगते डॉक्टरांना" म्हणाल्या आणि ठेवून दिला.

आठवडाभर हेच चाललं. शेवटी काका शेजाऱ्याच्या गाडीतून काकूंना घेऊन दाराशीच आले.

"काका, असं थेट नाही येता येत. आधी फोन करा ना," ताई काचेआडून म्हणाल्या.

"मग इतके दिवस काय करतोय मी?"

त्यांच्या हातातला मोबाइल वाजला. काकांनी पाहिलं आणि चरफडत कापला. "हा बघा, परत! कोण छळतोय देव जाणे." लगेच आतून डॉक्टर म्हणाले, "टेलरकाकांनी आजही कापला."

ताईंनी कपाळाला हात लावला आणि कडी काढली.

डॉक्टरांनी पायरीवरच पाय पाहिला. बोट काळं पडलं होतं. "आधी का नाही दाखवलंत?" ते बोलून गेले. काकांनी मोबाइलवरचा तो कापलेला नंबर त्यांच्यापुढे धरला. काकूच म्हणाल्या, "दाखवायलाच तर फोन करत होतो, डॉक्टर."

मोठ्या हॉस्पिटलात बोट काढावं लागलं. पाय वाचला. काकू आता दुसऱ्या पायाने मशीन चालवायला शिकताहेत.

मित्रांनो, माझी एकच विनंती आहे. समोरच्याने फोन उचलला नाही, तर त्याला गरजच नाही असं धरून पुढच्याकडे वळू नका. त्याने का उचलला नाही, हे एकदा तरी विचारा. हल्ली ताई प्रत्येकाला आधी सांगतात, "डॉक्टरांचा फोन दुसऱ्या नंबरवरून येईल, लिहून घ्या." एवढंसं वाक्य. काकूंचं बोट गेल्यावर सुचलं.