रितिकोचाचे अकरा शांत दिवस

"पोरी, आजही बर्फ कोसळला. पाणी धाडकन बांधाला आपटलं. माझी किटली चुलीवरून खाली!"

रेडिओवर फोर्तुनातो बोलत होता; म्हातारा म्हणून सगळे त्याला ताइता, म्हणजे बाबा, म्हणत. वर डोंगरात, हिमकड्याखालच्या रितिकोचा सरोवराच्या काठी झोपडीत राहायचं आणि दर दोन तासांनी खबर द्यायची, हे त्याचं काम. खाली ऊआरास शहरातल्या कार्यालयात नोएमी मागिन्याने पडद्याकडे पाहिलं. कंपनं शून्य. गेले अकरा दिवस शून्यच.

"म्हातारा नोकरी वाचवायला थापा मारतोय," तिचे साहेब, उर्बानो, म्हणाले. "महिनाअखेर राखणदारी बंद होणार ना! मशीन काय म्हणतंय?"

"सगळं शांत आहे म्हणतंय."

"मग झालं तर."

नोएमीला मात्र चैन पडेना. ही मांडणी तिचीच होती. डोंगरात पुरलेल्या तीन कंपनमापकांचे संदेश घेणारं कार्ड जुनं आणि त्याचा प्रोग्राम त्याहून जुना, नव्या सर्व्हरवर तो चालेचना. म्हणून तिने सर्व्हरच्या पोटात एक आभासी मशीन, म्हणजे संगणकातला संगणक, उभं केलं, त्यात जुनी प्रणाली घातली आणि कार्ड थेट त्याच्या ताब्यात दिलं. जमीन हलली की कार्ड इंटरप्ट पाठवी, म्हणजे हाक मारी. ती आधी सर्व्हरच्या कानावर पडे. सर्व्हर कार्डाची वाट तेवढ्यापुरती बंद करून निरोप आत पोचवी, आणि आतून 'झालं' असं उत्तर आलं की वाट पुन्हा मोकळी करी.

तिने सर्व्हरवर हाकांचा आकडा काढला. ४१,८०६. कालच्या नोंदीतही तोच, परवाच्याही तोच. अकरा दिवसांपूर्वी एका हाकेचं उत्तर आतून आलंच नव्हतं. सर्व्हर उत्तराची वाट बघत दार लावून बसला होता.

ती उर्बानोंकडे वळली.

"साहेब, हे शून्य खोटं आहे. अकरा दिवस आपण बहिरे आहोत."

तिने आभासी मशीन बंद करून पुन्हा सुरू केलं. उर्बानो तिच्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले. ४१,८०७. मग ४१,८१५. वाचून होईतो ४१,८६०.

"बिघाड असेल गं. आत्ताच तर सुरू केलंस."

"तिन्ही मापकं हलताहेत साहेब, आणि दर वेळी हिमकड्याजवळचं आधी. बिघाड असा रांगेने येत नाही." तिने रेडिओ ओढला. "ताइता, काही जाणवतंय?"

"नाही बाई. पाणी कसं आरशासारखं. खेचर तेवढं सकाळपासून दावं ओढतंय."

"आहात तसे निघा, रेडिओ तेवढा घ्या. बांधाकडे नको, बाजूच्या टेकाडावर चढा."

"अगं, बटाटे उकळताहेत..."

"मरू देत ते बटाटे! निघा!"

शहराला सावध करणाऱ्या भोंग्याची किल्ली उर्बानोंच्या खिशात होती. "फुकटचा वाजला तर माझी चामडी सोलतील."

"आणि नाही वाजवला तर?"

उर्बानोंनी किल्ली बाहेर काढली. मग जिन्याकडे धावले.

भोंगा वाजला. बाजारातल्या बाया गाठोडी पाठीला मारून, पोरं ओढत टेकडी चढल्या. सव्वा तासाने हिमकडा तुटला. लाट बांधावरून आली; झोपडी गेली, पूल गेला, नदीकाठची घरं चिखलाने भरली. माणूस एकही गेलं नाही.

संध्याकाळी अहवाल लिहायला बसल्यावर उर्बानो हलकेच म्हणाले, "त्या अकरा दिवसांपुढे शून्य टाक. वरून विचारणा होईल."

"शून्य नाही टाकणार. माहीत नाही, असं लिहीन."

उर्बानोंनी कागद तिच्याकडे सरकवला. तेवढ्यात रेडिओ खरखरला. फोर्तुनातोला धाप लागली होती.

"पोरी, अर्धाच पडलाय. उरलेला वर लोंबतोय, आणि चीर माझ्या डोळ्यांदेखत रुंदावतेय. लोकांना खाली येऊ देऊ नकोस."

नोएमीने खिडकीतून पाहिलं. टेकडीवर गारठा पडला होता, आणि माणसं पोरांना पोटाशी धरून घराकडे उतरू लागली होती.