चार्जरची पाळी

ज्या गाडीला लांब जायचंय तिला आधी चार्जिंग द्यायचं, ही पद्धत आपणच पहिल्यांदा शोधली, असा एका कंपनीचा पेटंटच्या अर्जात दावा होता. तो खोडायला जुना पुरावा हवा म्हणून पेटंट तपासनिसाने तीन आठवडे जंग जंग पछाडलं. हाती काही लागेना. वैतागून तो खाली आला, तर ऑफिसच्या एकुलत्या एक चार्जरवरून त्याची गाडी काढलेली.

"तुम्ही जवळ राहता, साहेब," रखवालदार म्हणाला. "लांबच्यांना आधी."

"कुणाच्या सुपीक डोक्यातून निघालं हे?"

रखवालदाराने भिंतीवरच्या पिवळ्या पडलेल्या नोटिशीकडे बोट दाखवलं. तारीख अर्जाच्या दोन वर्षं आधीची होती आणि खाली सही तपासनिसाची.

"वाचून केली होती ना, साहेब?"