माझा चौथा पाय

मी एक जुने, चार पायांचे लाकडी स्टूल आहे; त्यातले तीन पाय बरोबर आहेत. मित्रांनो, आज चौथ्याची कहाणी सांगायची आहे. पण आधीच कबूल करतो, माझ्याच जन्माची ही गोष्ट मला अजून पुरती उमगलेली नाही.

मला घडवले बाईंनी. तेव्हा त्या एकोणीस वर्षांच्या होत्या आणि एका मिस्त्रींकडे सुतारकाम शिकत होत्या. पेन्सिलीची रेघ ओढली, की करवत रेघेच्या बाहेरून चालवायची, हे मिस्त्रींनी दहादा बजावले होते. तीन पायांना त्यांनी ते पाळले. चौथ्याच्या वेळी तंद्री लागली आणि करवत रेघेच्या आतून गेली. चूक केवढी, तर करवतीच्या पात्याच्या जाडीएवढी. पण तेवढ्यावर मी जन्माचा डुगडुगता झालो.

मिस्त्रींनी मला बोटाने हलवून पाहिले. "गिऱ्हाइकाला नको देऊस," ते म्हणाले. "तूच बस यावर. रोज आठवण राहील."

असा मी त्यांच्या घरी आलो. माझी इच्छा एकच होती. कुणीतरी त्या पायाखाली काहीतरी घालावे आणि मला सरळ उभे करावे. बाईंनी ते कधीच केले नाही. का, कोण जाणे.

दोन वर्षांत त्यांनी सुतारकाम सोडले आणि घड्याळे दुरुस्त करू लागल्या. माझ्यावर बसून त्या चिमट्याने इवलीशी चाके उचलत. मी हललो की चाक निसटे, म्हणून अंगाचे वजन अशा बेताने ठेवत, की मला हलताच येऊ नये. मग बेकरी आली. वरच्या फळीवरचे ट्रे काढायला त्या माझ्यावर चढत आणि माझ्या फटींत मैदा बसे. मग भिंती रंगवायचे काम आले, आणि मी निळ्यापिवळ्या ठिपक्यांनी भरून गेलो. देवा, मी आहे तरी कुणाचा? सुताराचा, घड्याळजीचा, बेकरीतला, की रंगाऱ्याचा? मला काही कळेना.

घरात तर थट्टाच चाले. "वन्सं, या महिन्यात तुम्ही कोण, ते सांगून ठेवा," वहिनी म्हणत. "पाहुण्यांना ओळख करून द्यायला बरं पडतं."

बाई हसत. पण खोलीत आल्या, की माझ्यावर बसून कितीतरी वेळ स्वतःच्या तळहातांकडे बघत राहत. त्यांनाही काही कळत नव्हते.

एकदा त्या माझ्यावर उभ्या राहून एका सभागृहाचे छत रंगवत होत्या. खाली काही माणसे ताय-ची करत होती. हा फार संथ व्यायाम. एका पायावरचे वजन दुसऱ्या पायावर असे न्यायचे, की भरल्या भांड्यातले पाणी हिंदकळू नये. शिकवणारे म्हातारे गुरुजी वर्ग सोडून वरच बघत राहिले.

"किती वर्षं शिकताय?" त्यांनी विचारले.

"काय शिकतेय?"

"स्टूल डुगडुगतंय. तुम्ही नाही."

बाई खाली उतरल्या. नंतरची सात वर्षे, भिंती रंगवता रंगवता, त्या गुरुजींकडे शिकल्या. पुढे गुरुजी लेकीकडे राहायला गेले आणि वर्ग बाईंच्या हाती आला. शिकणारे उरले तिघे.

बाईंच्या थोरल्या भावाचे, दादांचे, हार्डवेअरचे दुकान होते. ते म्हणाले, "महिनाअखेरपर्यंत बघ. तीन माणसांचा वर्ग किती दिवस चालणार? नाहीतर दुकानात काउंटरवर बस. रागाने नाही म्हणत गं, काळजीने म्हणतोय."

त्या तिघांत एक आजी होत्या. टायपिस्ट म्हणून निवृत्त झालेल्या. न्हाणीघरात पडल्यापासून भिंत धरल्याशिवाय पाऊल टाकत नसत. वर्गातही खुर्चीत बसून नुसते हात हलवत. महिन्याच्या शेवटच्या दिवशी त्या म्हणाल्या, "उद्यापासून नाही येत. हात काय, मी घरीही हलवीन."

बाईंनी मला पुढे ओढले.

आजी बसल्या आणि मी डुगडुगलो. "अहो, हे मोडकं आहे."

"मोडकं नाही. एक पाय आखूड आहे, मीच कापलाय. डावं पाऊल दाबा. आता उजवं. हे कुठे गप्प होतं, ते शोधा."

आजी शोधत राहिल्या. पुष्कळ वेळाने मी गप्प झालो.

"आता हेच वजन घेऊन उठा."

आजी उठल्या. भिंत लांब होती. त्या दारापर्यंत चालत गेल्या, आणि तिथे पोचल्यावर त्यांच्या ध्यानात आले, की दोन्ही हात मोकळे आहेत.

दारात दादा उभे होते. त्यांच्या हातात रबराची एक पातळ चकती होती. मित्रांनो, ती माझ्या चौथ्या पायासाठी होती! तीस वर्षे मी जिची वाट पाहिली, ती. दादांनी बाजूला होऊन आजींना वाट दिली.

आजींनी वळून विचारले, "उद्या किती वाजता?"

दादा आत आले आणि माझ्यावर बसले. "अगं, हे डुगडुगतंय."

"माहीत आहे, दादा. जरा उजव्या पावलावर ये."

दादांनी चकती खिशात टाकली आणि पाऊल दाबून पाहिले. काउंटरचा विषय त्या दिवशी निघाला नाही, पुढेही कधी निघाला नाही.

मी बिघडलेला आहे की नाही, हे मला आजही सांगता येत नाही. देव रेघ कुठे ओढतो आणि करवत कुठून चालवतो, ते त्यालाच ठाऊक. माझी विनंती एवढीच, मित्रांनो, की मला ओल्या फरशीवर ठेवू नका, लाकूड फुगते. आणि माझ्यासारखे कुणी डुगडुगताना दिसले, तर त्याच्या पायाखाली घाईने कागदाची घडी सारू नका. आधी घटकाभर त्याच्यापाशी बसून बघा.