उसनी रास

पोटचा खेमराज जाऊन पंधरा दिवस झाले तरी शामकलाच्या डोळ्यांत टिपूस आलं नाही, असा निरोप आमगावात देवकाबाईकडे आला. दोन वर्षांचा नातू तापानं गेला हे दुःख होतंच. पण लेकीचे डोळे कोरडे का, हे आपल्याला ठाऊक आहे, याचं ओझं त्याहून जड होतं. तिरोड्यापर्यंत रेल्वेनं आणि पुढं बैलगाडीनं ती चोरखमाऱ्याजवळ लेकीच्या सासरी पोचली.

शामकलाची चंद्ररास वृश्चिक. वृश्चिकेचा चंद्र नीचेचा. अशी माणसं दुःख गिळतात, आत साठवतात, ज्याच्यावर जीव लावतात त्यालाच जाळतात, असं लोक बोलतात. लोकांचं काय जातं बोलायला! तीन स्थळं त्याच पायी मोडली, पण कारण पोरीच्या कानावर जाऊ दिलं नाही. चौथ्या घरी आताच्या सासूनं, सुशिलाबाईंनी, आधीच सांगून टाकलं होतं, "वृश्चिकेची पोरगी माह्या घरात नको." मग देवकाबाईनं नवऱ्याच्या मागं लागून नवी पत्रिका करवली, जन्म नऊ दिवस आधीचा दाखवला आणि पोरगी कर्केची झाली. कर्केचा चंद्र म्हणजे आईचं काळीज, मऊ, पाझरणारं. शामकलालाही खरं सांगितलं नाही, न जाणो तिच्या तोंडून फुटायचं. पुढं नवरा वारला आणि ते गुपित एकट्या देवकाबाईपाशी राहिलं.

शामकला ओसरीवर तांदूळ पाखडत होती. गळ्यात पडून रडायला आलेल्या बायका हात हलवत परत गेल्या होत्या. सुशिलाबाई काही वाईट नव्हत्या, नातवासाठी रडून त्यांचे डोळे सुजले होते. पण त्याही बोलून गेल्याच, "कर्केची पोरगी, अन् पोटचा पोट्टा गेला तरी पाझरत नाई. हे कसं व, बाई?" आणि चहा ठेवायला आत गेल्या.

मायलेकी दोघीच उरल्यावर शामकला खालमानेनं म्हणाली, "माय, मी आईच नाई वाट्टे. कर्केच्या बाईले धाय मोकलून रडू येते म्हणतात. मले काऊन येत नाई? माह्या आत काहीतरी मेलेलं हाय."

देवकाबाईला राहवलं नाही. "मेलेलं काही नाई, बाई. तू कर्केची नाईच. वृश्चिकेची हायेस. लग्न जुळावं म्हून आमीच पत्रिका बदलवली. वृश्चिकेच्या माणसाचं दुःख आतच रायते. तुह्यी ममता कमी नाई."

बोलून टाकलं आणि तिला वाटलं, सुटली पोर. काय बाई तरी! लेकही लोकांचं तेच जाळण्याचं बोलणं ऐकत वाढली, एवढंही तिच्या ध्यानात आलं नाही.

शामकलाचा हात थांबला. "वृश्चिक? नीचेचा चंद्र?"

"तसं नोको बोलू."

"पाच दिवस तो माह्याच मांडीवर होता, माय. सासूबाई म्हणे, दे माह्यापाशी. मी देल्ला नाई. म्हटलं, मी कर्केची, माह्या मांडीवरच त्याचा ताप उतरंल. तवाच सांगतलं असतं तं मी त्याले दूर ठेवलं असतं. हातही लावला नसता."

"नाई व! रासबीस सारं खोटं हाय," देवकाबाई कळवळून म्हणाली. पण जिनं धडपडून रास बदलून आणली, तिचं हे कोण ऐकणार? शामकलानं तिचा हात झिडकारला.

आणि मग शामकला रडली. सूप कलंडलं, तांदूळ ओसरीभर झाले, ती जमिनीवर कपाळ आपटून हंबरडा फोडू लागली. सुशिलाबाई आतून धावत आल्या. "रड बाई, रड. मन हलकं होते," म्हणत त्यांनी तिला पोटाशी धरलं आणि स्वतःही रडू लागल्या. शेजारणी जमल्या. झालं एकदाचं, मोकळी झाली, असं एकमेकींना सांगू लागल्या.

देवकाबाई भिंतीला टेकून बघत राहिली. लेक स्वतःला पोराची वैरीण समजून रडत होती, आणि ते त्या घरात कुणाला सांगायची देवकाबाईला सोय नव्हती.