वेळेआधी संपलेलं काम

सासूबाईंच्या छातीचं दुखणं वाढलं, तेव्हा विमा कंपनीत दावे तपासणाऱ्या सुनेने साहेबांच्या विनवण्या करून घरून काम मागून घेतलं. घर मोठ्या सिग्नलच्या अगदी डोक्यावर. गाड्या खोळंबल्या की धूर सरळ खोल्यांत शिरे. दम लागला की सासूबाईंचे हात असे थरथरत, की वाफेचं मशीन नाकाला धरायलाही दुसरं माणूस लागे. आता सून शेजारीच लॅपटॉप उघडून बसे. तो हिवाळा इस्पितळाचं तोंड न पाहता गेला.

जाण्यायेण्यातला वाचलेला वेळ तिने कामातच घातला. दुपार कलायच्या आत दाव्यांचा ढीग उपसून होई. मग ती साहेबांना कळवी, की काम संपलं, नवीन असेल तर द्या. हे ऐकून ऑफिसातल्या मैत्रिणीने कपाळाला हात लावला. तीही घरूनच काम करी, पण काम उरकलं की माऊस मान फिरवणाऱ्या टेबलपंख्याला बांधून निवांत लवंडायची. पडद्यावरचा बाण हलत राही आणि वरच्यांना वाटे, बाई राबतेय.

"अगं, खरं बोलायला देवघर आहे की," ती म्हणाली. "साहेबाला कशाला सांगतेस?"

हिला ते जमेना. खोटं बोलून मिळवलेल्या सवडीत सासूबाईंची सेवा करायची, हे मनाला पटत नव्हतं.

शेवटी हात दाखवून अवलक्षण झालं. साहेबांनी ताडलं, काम एवढ्यात संपतं म्हणजे माणसंच जास्त आहेत. काही जणांना घरी बसवलं, उरलेल्यांना नजरेखाली राहावेत म्हणून ऑफिसात परत बोलावलं. हिने घरचं सगळं सांगून पाहिलं. साहेब मऊ आवाजात म्हणाले, की एकीला सूट दिली तर सगळेच मागतील, आणि नोकरी राहिली हेच पुष्कळ समजा. सोडावी, तर सासूबाईंची औषधं तिच्याच पगारातून यायची.

पहिल्या दिवशी सासूबाईंना उशीला टेकवून, मशीन हाताशी ठेवून ती निघाली. नवरा गाडीने सोडायला आला. तो सामान पोचवणाऱ्या चालकांना शिकवायचा: पुढच्या गाडीपासून अंतर ठेवा, लाल दिवा लांबून दिसताच ॲक्सिलरेटरवरचा पाय काढा, थांबलात की इंजिन बंद. धूर कमी होतो आणि घाई करणाऱ्यांच्या बरोबरच पोचता. चालक माना डोलवत आणि फाटकाबाहेर पडले की ये रे माझ्या मागल्या. तो मात्र तसंच चालवी. त्याने ठेवलेल्या अंतरात लगेच दोघे घुसले. घराखालच्याच सिग्नलला त्याने इंजिन बंद केलं. चहूबाजूंनी गाड्या धडधडत होत्या. दिवा लालच होता, तरी मागच्याने हॉर्न दाबून धरला. शेजारचा स्कूटरवाला वाकून म्हणाला, "काका, बंद पडली का? धक्का मारू?"

नवरा ओशाळं हसला. "सगळ्यांनी एवढं केलं असतं, तर आईला..." त्याने वर घराच्या खिडकीकडे पाहिलं.

"चालू करा," ती म्हणाली.

"अजून लाल आहे."

"आपण एकट्याने बंद ठेवून वर घरात जाणारा धूर थोडाच थांबतोय? पहिल्याच दिवशी उशीर नको."

त्याने किल्ली फिरवली. तिने डोळे मिटून हात जोडले, पण काय मागावं ते सुचेना. दिवा हिरवा झाला, तरी रांग हलली नाही.