खिळे टाकलेलं ताक

बसवजयंतीच्या मिरवणुकीतल्या पोरांना ताक पाजायचं, तेही आजोबांच्या वेळच्या तांब्याच्या घंगाळातून, असं चन्नप्पानं साऱ्या चुडावा गावाला सांगून ठेवलं होतं. आमच्या गल्लीच्या तोंडाशी त्याचं किराणा दुकान आहे. घंगाळाची कल्हई कधीच उडालेली, आणि कल्हईवाला आता इकडे फिरकत नाही. तरी चन्नप्पानं आदल्या रात्रीच त्यात ताक ओतून ठेवलं. सकाळपर्यंत ते कळकलं.

मी गेलो तेव्हा कडेकडेनं हिरवट कड धरली होती. वास जुन्या नाण्यांसारखा, जिभेच्या मुळाशी बसणारा. ताकात पळी फिरली की तळाशी काहीतरी खडखडायचं. ते मूठभर लोखंडी खिळे होते.

खिळे माझ्याच शिकवण्यातून तिथं पोचले होते. निवृत्त झाल्यापासून संध्याकाळी माझ्या दारात मुलं जमतात. रासायनिक क्रिया उलटी फिरवता येते का, असं चन्नप्पाच्या नातीनं, अनुपमानं, विचारलं होतं. मी मोरचुदाच्या, म्हणजे तांब्याच्या क्षाराच्या, निळ्या पाण्यात खिळा सोडला. त्याच्यावर लालसर थर चढला. पाण्यात गेलेलं तांबं परत आलं बघा, असं मी म्हणालो. तिनं ते घरी जाऊन जसंच्या तसं सांगितलं.

"तुमचाच इलाज हाय, गुरुजी," चन्नप्पा म्हणाला. "वरून जिरं-साखर टाकतो. कुणाला कळायलंय?"

मुलांना सांगतो तसं मी त्याला सावकाश सांगितलं. थोडं तांबं खिळ्यावर आलं असेल, पण त्याच्या जागी लोखंड ताकात उतरलं. बाकीचं तांबं अजून ताकातच आहे. पोरं ओकतील. त्यानं ऐकून घेतलं, मान हलवली आणि पेले भरायला लागला. पळीवरून ताक तारेसारखं लोंबत होतं.

तेवढ्यात ढोल जवळ आले. अनुपमा आणि तिच्या वर्गातली सुकेशनी मिरवणुकीच्या पुढे धावत आल्या.

"आज्जा, झालं का परत चांगलं?" असं विचारत अनुपमानं पेला तोंडाला लावलासुद्धा.

मी काही बोलण्याआधीच चन्नप्पानं तो फटका मारून उडवला. ताक तिच्या फ्रॉकवर सांडलं.

"तू नको पिऊ," तो म्हणाला.

"मंग सुकेशनीनं प्यायचं?"

सुकेशनीचा हात अजून पेल्यासाठी पुढे होता. सकाळपासून दाबून धरलेली ओकारी मला तेव्हा आली. मी भिंतीला धरून ओकलो.

तोंड पुसून वळलो, तर चन्नप्पा खाली मान घालून घंगाळ एकटाच नालीकडे ढकलत होता. ते त्यानं उलटं केलं. एक कुत्रं आलं, हुंगलं आणि मागं सरलं.

अनुपमानं नालीतला एक खिळा उचलून फ्रॉकला पुसला. त्याच्यावर खरंच लालसर थर होता.

"गुरुजी, उद्या सगळ्यांना दाखवू का?"

शिकवण्यासारखीच गोष्ट होती ती. पण माझ्याच्यानं बघवेना.

"टाक तो," मी म्हणालो.

तिनं मूठ मिटून घेतली.